चौथ्या डब्याचं झाकण

"मेलेली आई सरळ परत येते आणि बदकांवर ओरडायला लागते! स्पष्टीकरण नाही, काही नाही. अहो, छाती लागते याला."

थिएटरच्या आवारात कॉफीच्या स्टॉलपाशी हे वाक्य माझ्या कानावर पडलं, तेव्हा सकाळचे सव्वादहा झाले होते. बोलणारे गृहस्थ पुण्याचे होते. गळ्यात महोत्सवाचा पिवळा पास, हातात कार्यक्रमाची घडी घालून घालून मऊ झालेली पुस्तिका. बरोबर त्यांच्याच फिल्म सोसायटीतले दुसरे एक, अंगाने बारीक. हे दोघं चार दिवस सगळीकडे मोकळ्या आवाजात मराठी बोलत होते, कारण बंगलोरात आपलं कुणाला कळत नाही अशी त्यांची खात्री होती. मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभी होते.

"आणि आत बसून वाचते ती बाई?" बारीक गृहस्थ म्हणाले. "काय इंग्रजी आहे हो! कॉन्व्हेंटची असणार. एकदाही अडखळली नाही."

"बाई कुठली? टेप लावत असतील."

मी कॉफी संपवली आणि पेला स्टॉलवर ठेवला. ती टेप मी होते. अडखळले नव्हते हेही खरं होतं, आणि माझी खरी अडचण तीच होती.

नव्वदीच्या मधल्या वर्षांतली ही गोष्ट. आशियातले नवे सिनेमे आणून दाखवणारा एक आंतरराष्ट्रीय महोत्सव आमच्या गावात भरला होता. गाव म्हणजे बंगलोर. आम्ही चामराजपेटेतले, कित्येक पिढ्यांचे. घरात बोलतो ते मराठी, पण पुण्याच्या माणसाला ते ऐकवलं तर तो अर्ध्यावर थांबवून विचारेल, असं. शाळा इंग्रजी. रस्ता कानडी. तीन भाषा येत असूनही मी कुठल्याच भाषेत फारसं बोलत नसे. कॉलेजच्या तीन वर्षांत मी वर्गात आपणहून एक प्रश्न विचारला होता, आणि तोही खिडकी बंद करू का, असा.

मात्र कुणी बघत नसेल तर मला उत्तम वाचता येई. शाळेत सकाळच्या बातम्या मुख्याध्यापिकांच्या खोलीतून, दाराआड बसून, ध्वनिक्षेपकावर वाचायच्या असत. ते काम सहा वर्षं माझ्याकडे होतं. आवाज मैदानावर, मी आत. आमच्या कॉलेजातल्या इंग्रजीच्या बाई महोत्सवाचं काम बघत होत्या, त्यांना हे कुठून तरी कळलं. काही सिनेमांच्या प्रतींवर इंग्रजी अक्षरं छापलेली नव्हती. त्यांच्याबरोबर टाइप केलेले संवाद यायचे, रिळागणिक वेगळे केलेले. पडद्यावर माणूस बोलला की ते वाक्य कुणीतरी मायक्रोफोनवर इंग्रजीत वाचायचं, असं ते काम. बाईंनी मला बोलावून एवढंच सांगितलं, "अभिनय करायचा नाही. घाई करायची नाही. तू दिसणार नाहीस."

शेवटचं वाक्य ऐकून मी हो म्हटलं.

प्रोजेक्शनच्या खोलीला लागून लाकडी फळ्यांची एक खोली होती, समोर काच, आत एक टेबल, दिवा आणि मायक्रोफोन. काचेतून पडदा दिसे. फळीच्या पलीकडे दोन यंत्रं आणि ती चालवणारे अण्णा. साठीच्या आसपासचे, कानडी, खांद्यावर पंचा. मी त्यांच्या मुलीच्या वयाची, पण ते मला अक्का म्हणत. एक रीळ संपत आलं की पडद्याच्या कोपऱ्यात गोल ठिपका उमटायचा, दुसरं यंत्र घरघरायचं, आणि अण्णा एका यंत्रावरून दुसऱ्यावर असे जायचे की हॉलमध्ये कुणाला पत्ता लागत नसे. मला तो ठिपका बघायची सवय लागली. ठिपका दिसला की मी पान उलटून ठेवी. आम्ही दोघं एकमेकांशी फार बोलत नव्हतो, पण तीन दिवसांत आमचं चांगलं जमलं होतं.

चौथ्या दिवशी, बुधवारी, व्हिएतनामी सिनेमाचे डबे आले. सहा रिळं, सहा गोल पत्र्याचे डबे. कुठल्या तरी ओलसर जागी बरेच दिवस पडून असावेत. वर धुळीचा चिकट थर, कडांना गंज. आकडे फक्त झाकणांवर रंगाने लिहिलेले. प्रत बरीच फिरलेली होती. रिळांच्या सुरवातीच्या, आकडा छापलेल्या पट्ट्या कधीच्या तुटून गेल्या होत्या आणि त्यांच्या जागी कुणीतरी कोऱ्या पट्ट्या जोडलेल्या. अण्णांनी मला फडकं दिलं.

"अक्का, एक डबा उघडायचा, पुसायचा, बंद करायचा. मग दुसरा. गंज आत पडता कामा नये."

"सरी," मी कानडीत हो म्हटलं.

अण्णा यंत्राला तेल द्यायला गेले, आणि मी सहाही डबे ओळीने उघडले.

हे मी का केलं, ते आमच्या घरी आलेल्या कुणालाही कळेल. दिवाळीच्या आधी अम्मा, म्हणजे माझी आई, स्वयंपाकघरातले सगळे डबे गच्चीवर काढायची. डबे एकाच दुकानातून एकाच वेळी घेतलेले, सगळे सारखे. डबे एका ओळीत, झाकणं दुसऱ्या ओळीत. आधी झाकणं सगळी पुसायची, मग डबे सगळे पुसायचे, मग हाताला येईल ते झाकण दिसेल त्या डब्यावर. एकेक करत बसलं तर अम्मा म्हणे, "स्वल्प हात चालव ग, संध्याकाळ करणार आहेस का?" कुठलं झाकण कुठल्या डब्याचं, असं आमच्याकडे काही नव्हतंच. आत बघितलं की रवा दिसे, तूरडाळ दिसे.

फिल्मच्या डब्यात बघितलं की काळं रीळ दिसतं. सहाही डब्यांत तेच.

तरी मी अगदीच बेफिकीर नव्हते. झाकणं मी क्रमानेच मांडली होती. पण मधेच बाईंनी खालून हाक मारली, मी जाऊन कागद देऊन आले आणि फडकं परत हातात घेतलं. चौथं झाकण एका कडेला चेपलेलं होतं. ते डब्यावर नीट बसेना. मी तळहाताने दाबलं, जरा कुरकुर करून ते बसलं. एवढं मला आठवतं.

दुपारी तीनला खेळ सुरू झाला. मी ते संवाद घरी पाच वेळा वाचले होते, जवळजवळ पाठ होते. गोष्ट साधी होती. नदीकाठी एक बाई होडी चालवते, लोकांना पलीकडे नेऊन सोडते. तिची मुलगी शहरात शिवणाच्या कारखान्यात आहे. चौथ्या रिळात आई आजारी पडते आणि जाते. पाचव्यात मुलगी घरी येते, भांडी आवरते, बदकांना खायला घालते, होडी वल्हवायला शिकते. त्या पाचव्या रिळात जवळजवळ कुणी बोलतच नाही. शेवटच्या रिळात एक म्हातारा प्रवासी तिच्या होडीत बसतो आणि विचारतो, "ती नेहमीची कुठे गेली?" मुलगी उत्तर देत नाही, वल्हवत राहते. संपलं.

तिसरं रीळ संपलं, कोपऱ्यात ठिपका आला. मी 'रीळ चार'चं पान पुढे घेतलं. पहिलंच वाक्य आईचं होतं, बदकांवर ओरडण्याचं. मी तोंड उघडलं. पडद्यावर रिकामं घर, दारात मुलगी, हातात पिशवी.

मला लगेच कळलं. मी डावीकडे वळून फळीवर दोनदा ठोकायला हवं होतं. अण्णांनी यंत्र थांबवलं असतं. पण यंत्र थांबलं की हॉलमध्ये दिवे लागतात, लोक शिट्ट्या मारतात, कुणीतरी धावत वर येतं आणि सगळ्यांसमोर विचारतं, काय झालं? आणि मग कुणीतरी सांगावं लागतं. माझा हात फळीपर्यंत गेला आणि परत आला. मी 'रीळ पाच'ची पानं काढली आणि वाचू लागले. मुलीची चार वाक्यं, शेजारणीची सहा, आई गेल्याचं सांगणारी. शांतपणे, एकही चूक न करता. पुढच्या ठिपक्याला पानं मागे घेतली. आई जिवंत होऊन बदकांवर ओरडली, ते मी वाचलं. हॉलमध्ये कुणीतरी श्वास आत ओढल्याचं मला काचेतून ऐकू आलं. मग ती आजारी पडली, गेली, आणि सहावं रीळ लागलं. टाळ्या पडल्या. चार दिवसांतल्या सगळ्यात मोठ्या टाळ्या.

अण्णा रिळं गुंडाळून डब्यांत ठेवत होते तेव्हा मी दारात जाऊन उभी राहिले. चेपलेलं झाकण त्यांच्या हातात होतं. त्यांनी ते एका डब्यावर बसवून बघितलं, बसेना; मग दुसऱ्यावर ठेवलं, ते अलगद बसलं. त्या डब्याची कडही तिथेच चेपलेली होती. अण्णांनी झाकणाकडे बघितलं आणि पंच्याला हात पुसले.

"येते, अण्णा," मी म्हटलं.

घरी अम्मा म्हणाली, "काय ग, गप्प का?"

"मी कधी बोलते?"

"गप्प असतेस, पण अशी नसतेस," ती म्हणाली आणि सार वाढलं.

सकाळी जाऊन बाईंना सांगायचं, असं मी बसमध्ये ठरवलं. गुरुवारी दुपारी तीनला त्याच सिनेमाचा दुसरा खेळ होता आणि त्याला परीक्षक बसणार होते. त्याआधी सांगायलाच हवं होतं. पण बाई सापडेनात. त्या सिनेमाच्या दिग्दर्शिका पहाटेच्या विमानाने आल्या होत्या आणि बाई त्यांना आणायला इंदिरानगरच्या अतिथिगृहावर गेल्या होत्या. म्हणून मी कॉफीच्या स्टॉलपाशी उभी होते, आणि म्हणून ते छातीचं वाक्य मला ऐकावं लागलं.

साडेदहाला बाई दिग्दर्शिकांना घेऊन थेट वरच्या छोट्या हॉलमध्ये आल्या आणि चर्चा सुरू झाली. पन्नासेक खुर्च्या, सगळ्या भरलेल्या. मी शेवटच्या रांगेत, दाराजवळ. दाराबाहेर अण्णा उभे होते. सिनेमाचे दिग्दर्शक बघायला ते नेहमी येत आणि आत कधी येत नसत. दिग्दर्शिका पन्नाशीच्या, बारीक, तपकिरी स्वेटर घातलेल्या. इंग्रजी सावकाश बोलत, एकेक शब्द निवडून. आदला खेळ त्यांनी बघितलेला नव्हता.

पुण्याच्या गृहस्थांनी पहिला प्रश्न विचारला. प्रश्न लांब होता. त्यात काळ होता, स्मृती होती, पूर्वेकडची मृत्यूची कल्पना होती, आणि शेवटी, आईला परत आणण्याचं धाडस कसं केलंत, असं होतं.

दिग्दर्शिका नीट ऐकत होत्या. "माफ करा," त्या म्हणाल्या. "आई कुठे परत येते?"

हॉल हसला. त्या गंमत करताहेत, असं सगळ्यांना वाटलं. गृहस्थांनी उत्साहाने त्यांना त्यांचाच सिनेमा समजावून सांगितला. रिकामं घर, मग होडी, मग अचानक आई, बदकं.

"नाही," दिग्दर्शिका म्हणाल्या. "माझ्या सिनेमात आई जाते. मग घर असतं, होडी असते, बदकं असतात. आई नसते. तेवढाच सिनेमा आहे."

मग मधल्या रांगेतून कुणीतरी म्हणालं की कधीकधी कलावंतालाच आपण काय केलंय ते ठाऊक नसतं, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. दिग्दर्शिका मागे टेकल्या. त्यांनी स्वेटरच्या बाह्या ओढून बोटांवर घेतल्या आणि खाली बघत राहिल्या. ते बाह्या ओढणं मला चांगलं माहीत होतं. मी ओढणीचं टोक तसंच धरते. बोलायचं सोडून दिलं की हात कुठेतरी लपवावे लागतात. हजारो मैलांवरून त्या हा सिनेमा दाखवायला आल्या होत्या आणि माझ्यामुळे पन्नास माणसांसमोर त्यांना त्यात आई आहे की नाही तेही सांगता येईना.

बाई हुशार होत्या. त्या हसणाऱ्यांत नव्हत्या. त्यांनी दाराकडे बघितलं आणि कानडीत विचारलं, "अण्णा, काल रिळं बरोबर लावली होती ना?"

"झाकणावर जो आकडा, ते रीळ लावलं, अम्मा." बाईंना ते अम्मा म्हणत.

"मग आई परत कशी आली?"

बाई उठल्या. त्यांचा आवाज चढला नाही, उतरला. त्या रागावल्या की तसंच होई. "तीनला परीक्षक आहेत. दुपारच्या खेळाला आपण दुसऱ्या थिएटरचा माणूस बोलावू."

"सरी, अम्मा," अण्णा म्हणाले. पंचा खांद्यावरून काढून त्यांनी त्याची घडी घातली. तीस वर्षं यंत्र चालवणारा माणूस. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, आणि त्यावरून मला कळलं की त्यांनी सगळं ओळखलंय. झाकण कुणी दाबलं ते कालपासून त्यांना ठाऊक होतं.

मी उभी राहिले. खुर्ची मागे सरकून भिंतीवर आपटली.

"एक मिनिट," मी इंग्रजीत म्हणाले.

पुढची चाळीस-पन्नास डोकी एकदम वळली. खुर्चीच्या आवाजाला ती वळली नव्हती. माझ्या आवाजाला वळली. चार दिवस हा आवाज त्यांनी अंधारात ऐकला होता. त्यातून आई बोलली होती, शेजारीण बोलली होती, सैनिक, न्हावी, शाळामास्तर बोलले होते. बारीक गृहस्थांनी तोंड उघडलं आणि दुसऱ्यांचा दंड धरला.

मी बाईंकडे बघून सांगितलं. डबे मी पुसले. अण्णांनी एकेक उघडायला सांगितलं होतं, मी सगळे एकदम उघडले. चौथ्याचं झाकण पाचव्यावर गेलं. अण्णांनी आकड्याप्रमाणेच लावलं, त्यांची काही चूक नाही.

"पण तू तर वाचत होतीस," बाई म्हणाल्या. "तुला कळलं नाही?"

इथे खोटं बोलता आलं असतं. व्हिएतनामी मला येत नव्हतं, कुणी धरलं नसतं.

"कळलं," मी म्हणाले. "पानं बदलून वाचलं. थांबवायला हवं होतं, थांबवलं नाही."

हॉलमध्ये कुजबुज झाली. बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मला बसावंसं वाटत होतं, पण पाय ठीक होते, आवाजही ठीक होता. आवाज चांगला आहे हे मला शाळेपासून माहीत होतं. तो माझ्या तोंडातून येताना लोकांनी बघितला तरी तसाच राहतो, ही मात्र नवी माहिती होती.

दिग्दर्शिका पुढे वाकल्या. "चार आणि पाच?" त्यांनी बोटांनी विचारलं, एक बोट दुसऱ्यावरून पलीकडे नेऊन.

"हो."

"म्हणजे आधी मुलगी भांडी आवरते. मग आई येऊन ओरडते?"

"हो. बदकांवर."

त्यांनी तोंडावर हात ठेवला. खांदे हलायला लागले. मला वाटलं रडताहेत, पण त्या हसत होत्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "माझी आई," त्या म्हणाल्या, "अगदी अशीच आली असती." मग डोळे पुसून बाईंकडे वळल्या. "दुपारी हेच अण्णा. आणि हीच मुलगी. पण डबे मी बघेन."

बाईंनी अण्णांकडे बघून मान हलवली. अण्णांनी घडी उलगडून पंचा परत खांद्यावर टाकला.

पुण्याचे गृहस्थ अजून उभेच होते. त्यांना बसायचं सुचलं नसावं. सगळं तत्त्वज्ञान एका झाकणावर येऊन उभं राहिलं होतं आणि ते त्यांना सोडवत नव्हतं. ते शेजाऱ्याकडे वाकले आणि नेहमीच्या मोकळ्या आवाजात, मराठीत म्हणाले, "या पोरीचं काही असो, मी सांगतो तुम्हाला, चुकून का होईना, कालचाच क्रम सरस होता. आईने परत यायला पाहिजे."

मी अजून बसले नव्हते. चार दिवसांत मी त्यांच्या देखत कॉफी घेतली होती, त्यांना पुस्तिका दिली होती, जिन्यात वाट दिली होती, आणि प्रत्येक वेळी त्यांच्याशी इंग्रजीत थँक यू एवढंच बोलले होते.

"कालचा क्रम माझा होता, काका," मी मराठीत म्हणाले, सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं. "यांचा पिक्चर तीन वाजता आहे. या बघायला. त्यात आई परत येत नाही."